सरकणारी अक्षरे: घरगुती सीएनसीवर स्टेपर ड्रायव्हरचा दोष शोधताना

हौसेने बांधलेल्या सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणाऱ्या यंत्रावर, एखादा अक्ष हळूहळू जागा सोडू लागला, की पहिला संशय स्टेपर ड्रायव्हरवर, म्हणजे पावलापावलाने फिरणारी मोटर चालवणाऱ्या बोर्डावर, येतो. माझ्या यंत्रावर हा दोष एप्रिल 2024 मध्ये उभा राहिला आणि जूनमध्ये मिटला. मधल्या काळात काय तपासले, कोणत्या क्रमाने तपासले, कुठे पैसे गेले आणि वॉरंटीच्या अर्जाचे पुढे काय झाले, हे सलग लिहून ठेवतो आहे. मी इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर नाही. साताऱ्यात राहतो, नोकरी सांभाळून संध्याकाळी लाकडावर घरांच्या पाट्या कोरतो, आणि ज्यांची परिस्थिती माझ्यासारखीच आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आधी यंत्राबद्दल, कारण पुढचे आकडे त्यावरच अवलंबून आहेत. ॲल्युमिनियम प्रोफाइलची चौकट, तिन्ही अक्षांवर 5 मिमी पिचचे बॉलस्क्रू, 2.8 अँपिअरच्या नेमा 23 मापाच्या स्टेपर मोटरी, 24 व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी), टीबी 6600 या नावाने बाजारात मिळणारे तीन ड्रायव्हर आणि अर्डुइनो उनो या छोट्या नियंत्रक बोर्डावर चालणारे ग्रबल 1.1, म्हणजे संगणकाच्या आज्ञा मोटरींच्या पल्समध्ये बदलणारी प्रणाली. मोटर एका फेऱ्यात 200 पावले टाकते. ड्रायव्हरवर 1/8 सूक्ष्म-पावलांची, म्हणजे प्रत्येक पावलाचे आठ भाग करणारी, जुळणी असल्याने एका फेऱ्याला 1600 पल्स, म्हणजे विजेचे छोटे ठोके, लागतात. त्यांना 5 ने भागले की एका मिलिमीटरला 320 पल्स येतात. हा 320 आकडा मी पेटीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवला होता आणि शेवटी तोच कामाला आला. ड्रायव्हर मी 2023 च्या दिवाळीच्या सुमारास एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतले होते आणि त्यांवर सहा महिन्यांची वॉरंटी होती.

गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात एका स्नेह्यांच्या नव्या घरासाठी ‘श्रीकृपा’ अशी सागवानी पाटी करायला घेतली. आतापर्यंत मी अक्षरे खोदून काढत असे. ही पाटी उठावाच्या अक्षरांची होती, म्हणजे अक्षरे तशीच ठेवून भोवतालचे लाकूड तीन थरांत काढून टाकायचे होते. पहिला थर स्वच्छ निघाला. दुसऱ्या थराला ‘श्री’च्या उजव्या बाजूला एक बारीक पायरी दिसली, आणि तिसऱ्या थरानंतर प्रत्येक अक्षराच्या उजव्या कडेला घाटावरच्या पायऱ्यांसारख्या तीन कडा उभ्या राहिल्या, तर डाव्या कडा बिटाने, म्हणजे कोरणाऱ्या पात्याने, खाऊन टाकल्या. वेलांटीचा दांडा निम्म्याने बारीक झाला होता. शिरोरेषा मात्र वरखाली जराही हललेली नव्हती. याचा अर्थ वाय अक्ष जागेवर होता आणि एक्स अक्ष उजवीकडे, दर थराला थोडा थोडा, सरकत होता. संगणकावर सगळे आकडे बरोबर दिसत होते, आणि तसेच दिसणार होते. ही यंत्रे उघड्या साखळीवर चालतात. ग्रबल पल्स पाठवते आणि त्या पाळल्या गेल्या असे गृहीत धरते; मोटर प्रत्यक्षात कुठे उभी आहे हे त्याला कळण्याची सोयच नसते.

सागाची ती फळी वाया गेली याचे वाईट वाटलेच, पण मोठी चिंता मुदतीची होती. वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला, 10 मे रोजी होती.

सुरुवात यांत्रिक बाजूने केली, कारण ती फुकट तपासता येते. मोटरीची दांडी आणि कपलिंग यांवर मार्करची एक आडवी रेघ ओढली, तशीच कपलिंग आणि बॉलस्क्रूच्या सांध्यावर ओढली, आणि यंत्र तासभर चालवले. ग्रब स्क्रू ढिला असता तर रेघ तुटली असती. ती अखंड राहिली. बॅकलॅशचा, म्हणजे स्क्रू आणि नट यांच्यातल्या सैलपणाचा, विचारही बाजूला ठेवता आला. बॅकलॅशमुळे येणारी चूक ठरावीक मापाची असते आणि दिशा बदलली की परत जाते. ती साठत नाही. इथे चूक थरागणिक वाढत होती. हा फरक ज्यांना नवा आहे त्यांनी तो मनात पक्का करावा, कारण साठणारी चूक दिसली की नट आणि बेअरिंग खोलण्याचा पुष्कळ व्याप वाचतो.

मग विजेची बाजू घेतली. वीज बंद करून, एसएमपीएसचा दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबून, मोटरीच्या तारा ड्रायव्हरमधून काढल्या. चालू ड्रायव्हरमधून मोटरीची तार कधीही काढू नये. गुंडाळीतला प्रवाह अचानक तुटला की उसळणारा दाब ड्रायव्हरच्या चिपचा बळी घेतो, आणि शोधायला निघालेल्या दोषाबरोबर आणखी एक दोष पदरात पडतो. मल्टिमीटरवर दोन्ही गुंडाळ्यांचा रोध सव्वा ओहमच्या आसपास आला. मीटरच्या दोन्ही टोकांना एकमेकांना टेकवून येणारा आकडा, माझ्या मीटरचा 0.2, त्यातून वजा करावा लागतो. एवढ्या लहान रोधाला तेवढाही फरक मोठा असतो. गुंडाळी आणि मोटरीचे अंग यांच्यात कोणताही संपर्क नव्हता. केबल हलवून, वाकवून पाहिली तरी आकडा उडाला नाही. ड्रायव्हरच्या टर्मिनलांवर 24.1 व्होल्ट येत होते, आणि अर्डुइनोचे 5 व्होल्टही ठीक होते.

यानंतर वेग आणि जोर यांची पाळी आली. फीड, म्हणजे बिट पुढे नेण्याचा वेग, मिनिटाला 1500 मिमीवरून 750 वर आणले, प्रवेग निम्मा केला, डिप स्विचने प्रवाह 2.5 वरून 2.8 अँपिअरवर नेला. प्रवाह वाढवल्यावर हीटसिंकवर बोट टेकवेना, म्हणून मागे एक छोटा पंखा बसवला. सरकणे तसूभरही कमी झाले नाही. शेवटी बिट काढून, लाकडाशिवाय, तोच कार्यक्रम हवेत चालवला आणि सुरुवातीच्या जागी बसवलेल्या टाचणीशी टोक जुळवून पाहिले. सरकणे तेवढेच होते. लाकडाचा जोर हे कारण असते तर हवेत ते नाहीसे व्हायला हवे होते. ही हवेतली चाचणी मी आता सर्वांना पहिल्याच दिवशी करायला सांगतो. तिला काही खर्च नाही, आणि एका फटक्यात मोटरीचा जोर, बिटाची धार, लाकडाच्या गाठी आणि फीड एवढे सगळे संशयित सुटतात.

एप्रिल संपत आला तसा वॉरंटीचा प्रश्न उभा राहिला. मुदत मेच्या मध्यात संपणार होती, आणि दोष ड्रायव्हरचा आहे की नाही याचा निकाल लागण्याआधी ती निघून गेली असती, म्हणून हक्क राखण्यापुरता अर्ज करून ठेवला. विक्रेत्याच्या संकेतस्थळावरच्या अर्जात मागणी क्रमांक, जीएसटी बिलाची प्रत, ड्रायव्हरच्या मागच्या चिकटपट्टीचे स्पष्ट छायाचित्र आणि दोष दिसेल असा अखंड, न कापलेला व्हिडिओ मागितला होता. बिल ईमेलमध्ये सापडले. चिकटपट्टीचा मजकूर उष्णतेने पुसट झाला होता, पण तिरप्या उजेडात काढलेल्या छायाचित्रात तो वाचता आला. नवे ड्रायव्हर घेणाऱ्यांनी बसवण्याआधीच त्या चिकटपट्टीचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण एकदा पेटीत स्क्रूने आवळल्यावर ती पाहायला सगळे खोलावे लागते. चार दिवसांनी उत्तर आले की ड्रायव्हर पाठवा, कुरिअरचा खर्च ग्राहकाचा, तपासणीला दहा ते पंधरा कामाचे दिवस. कुरिअरला 140 रुपये लागले. पाकिटात अर्जाच्या क्रमांकाची चिठ्ठी आणि दोषाचे वर्णन एका कागदावर लिहून घातले.

तोपर्यंत यंत्र बंद ठेवणे परवडणारे नव्हते. रविवारी दुकानांना सुटी असल्याने हेलपाटा होईल म्हणून शनिवारची रजा काढून पुण्याला गेलो आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून त्याच जातीचा एक ड्रायव्हर 850 रुपयांना घेतला. सोबत मोटरीसाठी चार तारांची शील्ड केबल सुमारे 70 रुपये मीटर दराने आणि तारांच्या टोकांना दाबून बसवायच्या लगांचे पाकीट घेतले. टर्मिनलमध्ये उघड्या तारा पिळून घालण्यापेक्षा लग लावलेल्या बऱ्या. कंपनाने त्या ढिल्या होत नाहीत आणि एखादा सुटा केस शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही. नवा ड्रायव्हर बसवला, डिप स्विच जुन्यासारखेच लावले, हवेतली चाचणी घेतली. सरकणे तेच, तेवढेच आणि त्याच दिशेला होते.

त्या संध्याकाळी मन खरोखर खट्टू झाले. नवा भाग लावला की दोष जाईल, ही आशा माणूस नकळत धरून बसलेला असतो. पण या निकालातून एक गोष्ट हाती आली: जुना ड्रायव्हर दोषी नव्हता. मग एक्स आणि वाय यांच्या मोटरी एकमेकींच्या ड्रायव्हरला जोडून पाहिल्या, अर्डुइनोचा दुसरा बोर्ड लावून पाहिला, आणि दोष कोणत्याही वस्तूबरोबर जागा बदलत नव्हता. तो एक्स अक्षाच्या ठिकाणीच राहत होता, मग त्या ठिकाणी कोणताही ड्रायव्हर, कोणतीही मोटर असो.

विद्युत गोंगाटाचा संशय उरला होता. शील्ड केबल घातली, तिची जाळी फक्त पेटीच्या बाजूने अर्थिंगला जोडली, राउटरची, म्हणजे बिट फिरवणाऱ्या मोटरीची, वीज दुसऱ्या प्लगवर नेली. इलेक्ट्रिशियनला 300 रुपये देऊन घराचे अर्थिंग तपासून घेतले. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब दोन व्होल्टच्या आत होता. हे सारे करणे योग्यच होते आणि ते मी तसेच ठेवले आहे, पण सरकण्यावर परिणाम शून्य. नंतर विचार केल्यावर वाटले की गोंगाटाची चूक अशी शिस्तीत वागत नाही. ती कधी उजवीकडे, कधी डावीकडे, कधी मुळीच नाही, अशी येते. माझी चूक दर वेळी उजवीकडेच होती.

10 मे तोंडावर आली तेव्हा ‘श्रीकृपा’ची पाटी मी खोदीव अक्षरांनी करून दिली. व्ही आकाराच्या बिटाने अक्षरांच्या कडेकडेने कोरलेली ती पाटी बिनचूक निघाली. यंत्र तेच, अक्ष तोच, लाकूड तेच, आणि सरकणे नावालाही नाही. यजमान आनंदात होते, पण माझ्या डोक्यात तेव्हापासून हाच प्रश्न घोळत राहिला की खोदीव अक्षरांत जे होत नाही ते उठावाच्या अक्षरांत का होते.

आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांची उभी हयात टूलरूममध्ये गेली. त्यांच्याकडे डायल गेज, म्हणजे बारीक अंतर सुईवर दाखवणारे माप, मागायला गेलो तेव्हा त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, “अरे, किती सरकतंय ते राहू दे. कशानं सरकतंय ते आधी सांग. वेग कमी केलास, फरक नाही. जोर काढलास, फरक नाही. मग असं काय बदललं की फरक पडतो?” मी पाट्यांचे सांगितले. त्यांनी डायल गेज आणि चुंबकी स्टँड हातात दिला आणि स्वतःही आले. ॲल्युमिनियमवर चुंबक धरत नाही, म्हणून त्यांनी सोबत एक जाड लोखंडी पट्टी आणली होती. ती क्लॅम्पने आवळून तिच्यावर स्टँड उभा केला. गेजची सुई एक्सच्या कॅरेजला टेकवून शून्य लावले.

पहिली चाचणी सरळ होती. एक्स 10 मिमी उजवीकडे, 10 मिमी डावीकडे, असे शंभर वेळा. सुई शून्यावर परत आली. दोनशे वेळा केले, तरी शून्य. इतक्या आठवड्यांनंतर यंत्र निर्दोष दिसावे, याने आम्ही दोघेही बुचकळ्यात पडलो. काकांनी विचारले की पाटीवर यंत्र असेच चालते का. नाही. उठावाच्या पाटीत भोवतालचे लाकूड काढताना बिट नागमोडी चालते: एक्सवर उजवीकडे, मग वायवर थोडे पुढे, मग एक्सवर डावीकडे, पुन्हा वायवर थोडे पुढे. तसाच कार्यक्रम लिहिला. एक्स 10, वाय 0.2, एक्स उणे 10, वाय 0.2, असे शंभर फेरे आणि शेवटी वाय मूळ जागी. वाय पुढे जाताना कॅरेज गेजपासून दूर जाते, म्हणून सुई मागे ओढून ठेवली आणि परत आल्यावर अलगद सोडली.

सुई 0.62 वर थांबली. दोनशे फेऱ्यांना 1.25. वेग निम्मा करूनही 1.25.

झाकणावर लिहिलेला 320 तेव्हा कामाला आला. एक पल्स म्हणजे एक भागिले 320, अर्थात 0.003125 मिमी. 1.25 ला 200 ने भागले की 0.00625 येतात, म्हणजे बरोबर दोन पल्स. दर फेऱ्याला दोन पल्स, कधीही कमी नाही, कधीही जास्त नाही. जोर अपुरा पडल्याने चुकणारी मोटर असे मोजून मापून चुकत नाही. ती चुकते तेव्हा पूर्ण पावलांच्या पटीत, धक्क्याने चुकते. मग कार्यक्रम नव्वद अंशांत फिरवला, म्हणजे वायने लांब चालायचे आणि एक्सने थोडे पुढे सरकायचे, आणि गेज वायला लावला. आता एक्स जागेवर राहिला आणि वाय सरकला, फेऱ्याला दोन पल्स. दोष एक्स अक्षाचा कधी नव्हताच. माझ्या सगळ्या पाट्यांची नागमोड एक्सच्या दिशेने होती, एवढेच.

आता दोन पल्स का, ते सांगतो. ड्रायव्हरला दोन तारांनी आज्ञा मिळते. एका तारेवर पल्स येते आणि दुसऱ्या तारेवर दिशा. पल्स येण्याच्या आधी दिशेची तार स्थिर झालेली असली पाहिजे; डीएम 542 या प्रचलित ड्रायव्हरच्या पुस्तिकेत हे अंतर किमान 5 मायक्रोसेकंद सांगितले आहे. मी सुमारे 650 रुपयांचा 24 मेगाहर्ट्झचा छोटा लॉजिक ॲनालायझर, म्हणजे तारांवरच्या आज्ञा केव्हा बदलतात ते संगणकाच्या पडद्यावर दाखवणारे उपकरण, मागवला आणि अर्डुइनोच्या 2 आणि 5 क्रमांकांच्या पिनांना, म्हणजे एक्सच्या पल्स आणि दिशेच्या तारांना, लावला. त्याची ग्राउंड तार अर्डुइनोच्या ग्राउंडलाच जोडावी. मोटरीच्या बाजूला त्याचे टोक नेऊ नये. पडद्यावर दिशेची कड आणि पल्सची कड जवळजवळ एकाच ठिकाणी उभ्या होत्या. दोहोंमध्ये एक मायक्रोसेकंदसुद्धा नव्हता.

अर्डुइनो आणि ड्रायव्हरची चिप यांच्यामध्ये ऑप्टोकप्लर, म्हणजे आज्ञा उजेडाच्या रूपाने पलीकडे पोचवणारे भाग, असतात. माझ्या जादा ड्रायव्हरचे झाकण उघडले तेव्हा पल्सच्या वाटेवर वेगवान ऑप्टोकप्लर आणि दिशेच्या वाटेवर 817 जातीचा साधा, संथ ऑप्टोकप्लर दिसला. अर्डुइनोतून बरोबर निघालेल्या दोघांपैकी पल्स आधी पोचते आणि दिशा मागून येते. समजा एक्सला उजवीकडून डावीकडे 3200 पल्स जायचे आहे. पहिली पल्स पोचते तेव्हा चिपला दिशा अजून उजवीच दिसते, म्हणून ती पल्स उजवीकडे जाते आणि उरलेल्या 3199 डावीकडे. हिशेबात 3198 च पल्स डावीकडे पडतात, आणि कॅरेज दोन पल्स उजवीकडे राहते.

मग साध्या जा-ये चाचणीत सुई शून्यावर का आली? कारण तिथे दोन्ही वळणांवर हीच चूक होते. उजवीकडून डावीकडे वळताना दोन पल्स उजवीकडे, डावीकडून उजवीकडे वळताना दोन पल्स डावीकडे, आणि बेरीज शून्य. नागमोडीत मात्र मध्ये वायची एक छोटी चाल येते. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरूड यांनी 2009 मध्ये सुरू केलेल्या ग्रबलचा कोड सर्वांना खुला आहे, म्हणून त्यातला चालींचे नियोजन करणारा भाग दोन संध्याकाळी बसून वाचला. एखाद्या चालीत जो अक्ष हलत नाही, त्याची दिशा ग्रबल धन धरते. म्हणजे डावीकडची चाल संपून वायची चाल सुरू झाली की एक्सची दिशेची तार आपोआप उजवीकडे वळते, आणि पुढची उजवीकडची चाल येईपर्यंत ती केव्हाच स्थिर झालेली असते. ते वळण बिनचूक होते. उलट वळणाला ही सवलत मिळत नाही. दोनपैकी एकाच वळणावर चूक, म्हणून ती कधी फिटत नाही आणि नेहमी उजवीकडेच साठते. खोदीव अक्षरांचे कोडेही इथेच सुटते. गोलाईवर एक्सची दिशा बदलते तेव्हा हालचाल मुख्यतः वायची असते, एक्सची पहिली पल्स चाल सुरू झाल्यावर बऱ्याच वेळाने येते, आणि तोवर दिशा पोचलेली असते.

सगळे तुकडे असे एकमेकांत बसले त्या रात्री मला फार बरे वाटले. यंत्रातला कोणताही भाग खराब नव्हता.

उपाय ग्रबलच्या दोन जुळण्यांत होता. $2 ही जुळणी पल्सची ध्रुवता उलटवते. ती 0 असताना पल्सची तार खाली असते, पल्सच्या वेळी वर जाते, आणि माझा ड्रायव्हर वर जाणाऱ्या कडेवर पाऊल टाकतो, म्हणजे अगदी सुरुवातीलाच. $2=7 केले की तिन्ही अक्षांच्या तारा एरवी वर राहतात, पल्सच्या वेळी खाली येतात आणि पल्स संपताना वर जातात. पाऊल आता पल्सच्या शेवटी पडते, आणि पल्सच्या रुंदीएवढा वेळ दिशेला मिळतो. ती रुंदी $0 मध्ये असते, मूळची 10 मायक्रोसेकंद. साध्या ऑप्टोकप्लरला थोडी मोकळीक हवी म्हणून मी ती 20 केली. मिनिटाला 3000 मिमी या माझ्या कमाल वेगाला सेकंदाला 16,000 पल्स होतात, म्हणजे दोन पल्समध्ये 62.5 मायक्रोसेकंद, त्यात 20 सहज मावतात. ज्यांचा वेग किंवा सूक्ष्म-पावले जास्त आहेत त्यांनी हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करावा, कारण उनोवरचे ग्रबल सेकंदाला 30,000 पल्सच्या आसपास थकते.

दोन्ही आकडे भरले आणि नागमोडी चाचणी पुन्हा घेतली. दोनशे फेऱ्यांनंतर सुई शून्यावर. काकांनी पाचशे करायला लावले. शून्य.

इथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. टीबी 6600 या एकाच नावाखाली निरनिराळ्या बांधणीचे बोर्ड विकले जातात, चिपही नेहमी तीच नसते, आणि तारा जोडण्याच्याही दोन पद्धती आहेत. मी सर्व ऋण टोके ग्राउंडला जोडली आहेत. ज्यांनी धन टोके 5 व्होल्टला जोडली असतील त्यांच्याकडे $2 चा अर्थ नेमका उलटा होईल. म्हणून माझा 7 तसाच उचलू नये. 0 आणि 7 दोन्ही भरून नागमोडी चाचणी घ्यावी आणि गेज जे सांगेल ते ठेवावे. गेज नसेल तर पाचशे फेऱ्यांनंतर पेन्सिलीच्या टोकाने काढलेली खूणही पुरते. त्या मापात दोन पल्सची चूक तीन मिलिमीटरपेक्षा जास्त होते आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसते.

वॉरंटीला गेलेला ड्रायव्हर मेच्या शेवटच्या आठवड्यात परत आला होता. सोबतच्या छापील कागदावर ‘तपासणीत दोष आढळला नाही’ एवढीच ओळ होती. ती आली तेव्हा मला निराशा वाटली होती, पण ते निदान खरे होते. आता तो वायवर बसला आहे आणि तपकीर गल्लीतला जादा म्हणून कपाटात ठेवला आहे.

याच काळात झेड अक्षाचा एक छोटा त्रासही मिटला. काम थांबले की राउटरच्या वजनाने झेड किंचित खाली उतरत असे. ग्रबलची $1 जुळणी मुळात 25 असते, म्हणजे हालचाल थांबल्यावर 25 मिलिसेकंदांनी मोटरींचा प्रवाह तोडला जातो, आणि बॉलस्क्रू इतका हलका फिरतो की वजन त्याला फिरवते. $1=255 केले की मोटरी सतत धरून ठेवतात. त्या बदल्यात त्या तापतात, म्हणून जेवणाच्या सुटीत यंत्राची वीज बंद करण्याची सवय लावून घेतली आहे.

एकूण खर्च, वाया गेलेली फळी धरून, चार हजारांच्या थोडा आत राहिला. त्यातला जादा ड्रायव्हर, केबल आणि ॲनालायझर पुढेही उपयोगी आहेत. जूनच्या मध्यात, पहिल्या पावसानंतर, उठावाच्या अक्षरांची नवी पाटी तीन थरांत काढली. ‘श्री’च्या वेलांटीवर नख फिरवून पाहिले, तर कड वरपासून खालपर्यंत एकसंध लागली.

शेवटची एक सूचना. $RST=$ ही आज्ञा दिली, की सगळ्या जुळण्या मूळपदावर जातात आणि $2 पुन्हा 0 होते. यंत्र त्यानंतरही नीट चालताना दिसते, साध्या जा-ये चाचणीत उत्तीर्ण होते, आणि पुढच्या उठावाच्या कामातच सरकू लागते. म्हणून $$ ही आज्ञा देऊन पडद्यावर येणारी पूर्ण यादी उतरवून घ्यावी. माझी पेटीच्या झाकणावर, 320 च्या खाली, पारदर्शक पट्टीने चिकटवलेली आहे.